शर्यत महासत्तांची, आकाश पोरांचं

अमेरिका आणि सोव्हिएत रशिया यांच्यातली अंतराळाची चढाओढ संपून अर्धशतक उलटलं. पण त्या वर्षांत जी मुलं शाळेत होती, त्यांच्या मनात तो काळ अजून जागा आहे. कोळशाच्या खाणीतल्या एका गावापासून केरळातल्या थुंब्याच्या किनाऱ्यापर्यंत पसरलेल्या त्या बालपणांची ही हकिगत.

आज पासष्टी ओलांडलेल्या कुणालाही सहज विचारून पाहा : माणूस चंद्रावर उतरला तेव्हा तुम्ही कुठं होतात? चष्मा कुठं ठेवला हे ज्यांना आठवत नाही, तेसुद्धा हे अचूक सांगतील. भारतात तेव्हा २१ जुलै १९६९ ची सकाळ होती, वार सोमवार. नील आर्मस्ट्राँग यांचं पाऊल चंद्राच्या मातीवर पडलं, ते आपल्या घड्याळात आठ वाजून सव्वीस मिनिटांनी. म्हणजे नेमकं शाळेच्या गडबडीच्या वेळेला! टीव्ही त्या काळी देशात फक्त दिल्लीला होता. मुंबई दूरदर्शन सुरू व्हायला १९७२ चा ऑक्टोबर उजाडायचा होता. त्यामुळं मराठी घरांतल्या मुलांच्या वाट्याला आलं ते रेडिओवरचं वर्णन आणि नंतर वर्तमानपत्रांतली धुरकट छायाचित्रं. दोनच दिवसांपूर्वी, १९ जुलैला, चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं होतं. घरातली मोठी माणसं त्यावर तावातावानं बोलत होती आणि पोरांना चंद्राखेरीज दुसरं काही सुचत नव्हतं.

अमेरिका खंडात त्या वेळी रविवारची रात्र होती. झोपायची वेळ टळून गेली तरी त्या रात्री कुणी मुलांना दटावलं नाही. कॅनडातल्या एका छोट्या बेटावर नऊ वर्षांचा ख्रिस हॅडफिल्ड शेजाऱ्यांच्या घरी टीव्हीसमोर दाटीवाटीनं बसला होता. कार्यक्रम संपल्यावर तो बाहेर आला, त्यानं चंद्राकडं पाहिलं आणि ठरवून टाकलं की आपण हेच करायचं. कॅनडाला तेव्हा स्वतःचा एकही अंतराळवीर नव्हता. पण नऊ वर्षांच्या मुलाला अशा बारीकसारीक अडचणी दिसत नाहीत. १९९५ मध्ये हॅडफिल्ड अंतराळात गेले आणि २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचे प्रमुखही झाले.

या झाल्या शर्यतीच्या शेवटाच्या आठवणी, आनंदाच्या. सुरुवात मात्र भीतीनं झाली होती.

बाकाखालून आकाशाकडे

४ ऑक्टोबर १९५७ या दिवशी सोव्हिएत रशियानं 'स्पुटनिक' हा पहिला कृत्रिम उपग्रह सोडला. ५८ सेंटिमीटर व्यासाचा, ८३ किलो वजनाचा एक चकचकीत गोळा. त्याला चार लांब मिशा. दर ९६ मिनिटांनी तो पृथ्वीभोवती एक फेरी मारायचा आणि 'बीप बीप' असा आवाज रेडिओवरून पाठवायचा. तीन आठवड्यांत त्याची बॅटरी संपली, तीन महिन्यांत तो जळून खाक झाला. पण तेवढ्यात अमेरिकेची झोप उडाली. जो अग्निबाण उपग्रह वर नेऊ शकतो, तो अणुबाँबही आणून टाकू शकतो, हे गणित शाळकरी मुलांनाही कळत होतं. कारण बाँब पडला तर बाकाखाली शिरून डोकं हातांनी कसं झाकायचं, याची कवायत त्यांना काही वर्षांपासून शाळेतच दिली जात होती.

आता गंमत पाहा. त्याच मुलांना आई-वडील संध्याकाळी अंगणात नेऊन आकाशातून सरकणारा तो ठिपका दाखवू लागले. (खरं म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसायचा तो स्पुटनिक नव्हेच. तो इवलासा गोळा दिसणं कठीण. लोकांना दिसायचा तो त्याच्यामागून फिरणारा, त्याला वर नेणाऱ्या अग्निबाणाचा मोठा सांगाडा.) शत्रूची वस्तू, डोक्यावरून चाललेली, आणि तरी इतकी सुंदर! त्या पिढीच्या आठवणींत भीती आणि हरखून जाणं ही दोन्ही अशी एकाच वाक्यात येतात.

अमेरिकेनं घाईघाईनं उत्तर द्यायचं ठरवलं. ६ डिसेंबर १९५७ ला तिचा 'व्हॅनगार्ड' अग्निबाण चार फूट वर गेला न गेला तोच खाली बसला आणि आगीचा लोळ उठला. वर्तमानपत्रांनी 'फ्लॉपनिक', 'कापुटनिक' अशी नावं ठेवून सरकारची खिल्ली उडवली. अखेर ३१ जानेवारी १९५८ च्या रात्री 'एक्सप्लोरर' वर गेला, तेव्हा कुठं देशाला हायसं वाटलं. त्याच वर्षी शाळा-कॉलेजांतल्या विज्ञान, गणित आणि परकीय भाषांच्या शिक्षणासाठी पैशाची मोठी तरतूद करणारा कायदा झाला. त्याचं नाव होतं 'राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा'. शिक्षणाच्या अलीकडं 'संरक्षण' हा शब्द घातल्याशिवाय पैसे सुटत नव्हते, यातच त्या काळाची नाडी सापडते.

खाणीच्या गावातला अग्निबाण

या सगळ्या गदारोळात एका गावात काय घडलं, ते जरा सविस्तर पाहण्यासारखं आहे. वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या डोंगरांत कोलवूड नावाचं गाव होतं. नावातच कोळसा. घरं खाण कंपनीची, दुकान कंपनीचं, चर्चसुद्धा कंपनीच्या मर्जीतलं. मुलगा मोठा झाला की डोक्यावर दिवा बांधून बापामागून खाणीत उतरायचा. यातून सुटायची एकच वाट होती, ती म्हणजे फुटबॉल. चांगला खेळलात तर कॉलेजची शिष्यवृत्ती मिळायची. होमर हिकम या खाणीच्या सुपरिंटेंडंटचा थोरला मुलगा त्या वाटेनं निघालाही होता. धाकट्याचं नाव बापाचंच, होमर. पण घरात सगळे त्याला सनी म्हणत. हा चष्मेवाला, खेळात यथातथा, गणितात त्याहून यथातथा. स्पुटनिक उडाला तेव्हा सनी चौदा वर्षांचा होता.

कोलवूडच्या डोंगरांच्या चिंचोळ्या फटीतून त्यानं तो ठिपका सरकताना पाहिला आणि आपणही अग्निबाण बनवायचा असं त्याच्या मनानं घेतलं. पहिला अग्निबाण वर गेलाच नाही. त्यानं उडवलं ते आईच्या गुलाबांच्या बागेचं कुंपण! एल्सी हिकम यांनी मुलाला रागे भरण्याऐवजी एवढंच बजावलं की स्वतःला तेवढं उडवून घेऊ नकोस. या आईबद्दल थोडं सांगायला हवं. त्या माउलीला कोळशाच्या धुळीचा मनस्वी कंटाळा होता. स्वयंपाकघराच्या भिंतीवर त्या वर्षानुवर्षं समुद्रकिनाऱ्याचं एक चित्र रंगवत होत्या. आपला मुलगा खाणीत जाणार नाही, हे त्यांनी मुलाच्याही आधी ठरवलं असावं.

सनीनं मित्र जमवले आणि त्यांनी आपल्या मंडळाला भारदस्त नाव दिलं, 'बिग क्रीक मिसाइल एजन्सी'. बिग क्रीक हे त्यांच्या हायस्कूलचं नाव. अग्निबाणांना त्यांनी 'ऑक' म्हणायचं ठरवलं. ग्रेट ऑक हा उडता न येणारा आणि केव्हाच नामशेष झालेला पक्षी, तेव्हा या नावात स्वतःवरचा विनोदही आलाच. खाणीतून निघालेला टाकाऊ माल जिथं टाकत, त्या काळ्या माळरानाला त्यांनी 'केप कोलवूड' केलं. पैसे नव्हते, म्हणून जुने लोखंडी पाइप उकरून विकले. खाणीच्या वर्कशॉपमधल्या कारागिरांना गळ घालून लेथवर नळ्या आणि नॉझल करून घेतली. कामगारांनी कंपनीच्या मालातून, कंपनीच्या वेळात, सुपरिंटेंडंटच्या पोरासाठी हे केलं आणि सुपरिंटेंडंटला ते पसंत नव्हतं!

बापलेकांतला हा ताण या हकिगतीचा गाभा आहे. थोरले होमर हिकम वाईट नव्हते. खाणीवर त्यांचा जीव होता. देशाचं पोलाद आपल्या कोळशावर चालतं, याचा त्यांना अभिमान होता आणि सनीनं मायनिंग इंजिनिअर व्हावं, यापलीकडं त्यांची इच्छा नव्हती. मुलाला ज्यात मान खाली घालून उतरायचं दिसत होतं, त्यात बापाला आयुष्य दिसत होतं. अनेक मराठी घरांत, शेतीवरून म्हणा की दुकानावरून, हाच संवाद झालेला आहे.

शाळेत मात्र मुलांना एक भक्कम आधार मिळाला. फ्रीडा जॉय रायली या रसायनशास्त्र आणि पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या बाई तेव्हा जेमतेम विशीत होत्या. त्यांनी सनीच्या हाती क्षेपणास्त्रांच्या रचनेवरचा एक जाडजूड ग्रंथ ठेवला. त्यातलं गणित त्याला येत नव्हतं. मग मुलं कॅल्क्युलस शिकली. अग्निबाण किती उंच गेला हे काढण्यासाठी त्रिकोणमिती शिकली. वर्गात ज्या गणितानं जांभया यायच्या, तेच आता त्यांना पुरेनासं झालं. शिक्षकांनी या एका मुद्द्यापाशी जरा थांबावं.

दर खेपेला अग्निबाण आधीपेक्षा वर जाऊ लागला, तसं गावही शनिवार-रविवारी केप कोलवूडवर जमू लागलं. १९६० मध्ये इंडियानापोलिसला राष्ट्रीय विज्ञान प्रदर्शन भरलं. सनीचं तिथलं साहित्य चोरीला गेलं, तेव्हा गावातल्या कारागिरांनी ते पुन्हा बनवून पाठवलं. सनी पदक घेऊन परतला. त्याच प्रदर्शनात त्याचं दैवत, जर्मन वंशाचे अग्निबाणतज्ज्ञ वेर्नर फॉन ब्राउन, येऊन गेले. सनी त्यांना शोधायला गेला आणि ते नेमके तेवढ्यात त्याच्या टेबलापाशी येऊन निघून गेले! (हे फॉन ब्राउन दुसऱ्या महायुद्धात हिटलरसाठी 'व्ही-२' अग्निबाण बनवत होते आणि ते अग्निबाण बनवताना छळछावणीतल्या हजारो कैद्यांचे प्राण गेले. अमेरिकन मुलांच्या भिंतींवर त्यांचे फोटो लागले, तेव्हा हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.)

त्या उन्हाळ्यात मुलांनी केप कोलवूडवर शेवटचे अग्निबाण सोडले. अगदी अखेरच्याची कळ दाबली ती थोरल्या होमर हिकम यांनी. तोवर ते एकदाही तिथं आले नव्हते. हिकम यांच्या हिशेबानं तो अग्निबाण ३० हजार फुटांच्याही वर गेला.

हे सगळं धाकट्या हिकम यांनी १९९८ मध्ये 'रॉकेट बॉइज' या पुस्तकात लिहिलं आणि पुढच्याच वर्षी त्यावर 'ऑक्टोबर स्काय' हा चित्रपट आला. या दोन इंग्रजी नावांतली अक्षरं तीच आहेत, फक्त क्रम बदललेला. शब्दकोडी सोडवणाऱ्यांनी पडताळून पाहावं. चाळीस वर्षांनी लिहिलेल्या आठवणींना थोडा मुलामा चढतोच. १९६० मध्ये प्रचाराला आलेल्या जॉन केनेडी यांना आपणच चंद्रावर जायला सुचवलं, असंही हिकम यात सांगतात. वाचकानं हसून पुढं जावं. पण रायली बाई तिथं होत्या, हे पक्कं. मुलं शाळेत असतानाच त्यांना हॉजकिन्स हा कर्करोग झाल्याचं निदान झालं होतं. तरी त्या शिकवत राहिल्या. ऑगस्ट १९६९ मध्ये, एकतिसाव्या वर्षी, त्या गेल्या. चंद्रावर माणूस उतरून तेव्हा पुरता महिनाही झाला नव्हता.

कोलवूडची गोष्ट सुखरूप पार पडली, म्हणून ती आपल्याला ऐकायला मिळते. त्या एक-दोन वर्षांत अमेरिकेत घरोघरी पोरांनी असले उद्योग आरंभले होते आणि त्यात कित्येकांनी बोटं, डोळे गमावले, काही जिवानिशी गेले. त्यावर उपाय म्हणून कागद आणि हलक्या लाकडाचे, तयार सुरक्षित इंधनकांडी बसवायचे नमुना-अग्निबाण निघाले. तो छंद तिथं आजही चालू आहे. लहानपणी बनवलेला अग्निबाण ही ज्या अमेरिकन आजोबांची आवडती आठवण असते, तो बहुधा या दुसऱ्या जातीचा असतो.

'नर्स व्हायचंय का तुला?'

आता सनीच्या मंडळाकडं पुन्हा एकदा बघा. सगळी मुलं. मुली कुठं होत्या?

मुलीही त्याच आकाशाकडं बघत होत्या. १९६२ च्या सुमाराला अनेक शाळकरी मुलींनी 'नासा'ला पत्रं लिहिली, की अंतराळवीर होण्यासाठी काय करावं लागेल? उत्तर सभ्य भाषेत आलं : स्त्रियांना घेण्याचा आमचा विचार नाही. पुढं अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्री झालेल्या हिलरी क्लिंटन यांनीही चौदाव्या वर्षाच्या आसपास असं पत्र पाठवलं होतं. असंच उत्तर मिळाल्यावर आपण किती संतापलो, हे त्यांनी अनेकदा सांगितलं आहे.

तोवर तेरा अमेरिकन महिला वैमानिक एका खासगी उपक्रमात अंतराळवीरांना लावल्या जाणाऱ्या वैद्यकीय चाचण्या उत्तीर्ण झाल्या होत्या. जुलै १९६२ मध्ये संसदेच्या एका उपसमितीपुढं त्यांची बाजू मांडली गेली. त्याच वर्षी २० फेब्रुवारीला पृथ्वीला तीन प्रदक्षिणा घालून आलेले जॉन ग्लेन साक्षीला होते. त्यांचं उड्डाण पाहायला शाळा-शाळांत टीव्ही आणून ठेवले होते, मुलामुलींनी एकत्र टाळ्या वाजवल्या होत्या. ग्लेन यांनी सांगितलं, की स्त्रिया या क्षेत्रात नाहीत ही आपल्या समाजव्यवस्थेतली वस्तुस्थिती आहे. विषय संपला.

आणि पुढच्याच वर्षी, १६ जून १९६३ ला, रशियाची व्हॅलेंतिना तेरेश्कोवा अंतराळात गेली. ही एक गिरणी कामगार मुलगी! यारोस्लाव्हलच्या सूतगिरणीत काम करणारी, वडील युद्धात गेलेली, हौस म्हणून पॅराशूटच्या उड्या मारणारी. तिनं पृथ्वीला ४८ फेऱ्या मारल्या. अमेरिकन मुलींनी हे वाचलं तेव्हा त्यांना काय वाटलं असेल? शत्रूच्या विजयानं आनंद व्हावा, अशी पंचाईत फार थोड्यांच्या वाट्याला येते. अर्थात रशियाचंही हे कौतुक एकदाच होतं. तेरेश्कोवानंतरची दुसरी स्त्री त्यांनी पाठवली ती एकोणीस वर्षांनी, १९८२ मध्ये.

शिकागोत वाढलेली मे जेमिसन ही बालवाडीत असताना बाईंनी विचारलं, मोठेपणी कोण होणार? ती म्हणाली, शास्त्रज्ञ. बाईंनी समजूत घातली, तुला नर्स म्हणायचंय का? काळी मुलगी, त्यात १९६० च्या आसपासचा काळ. बाईंना त्याहून मोठं काही सुचलं नाही. अपोलोची उड्डाणं टीव्हीवर पाहताना सगळे पुरुषच कसे, याचा आपल्याला राग यायचा, असं जेमिसन सांगतात. हॅडफिल्डला जी रात्र बोलावणं वाटली, तीच या मुलीला बंद दारासारखी दिसली. तिनं तरी दार ठोठावणं सोडलं नाही. १२ सप्टेंबर १९९२ ला डॉ. मे जेमिसन 'एंडेव्हर' यानातून गेल्या. अंतराळात जाणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री.

त्या पिढीतली आणखी एक मुलगी आठवते. ग्लेन यांच्या उड्डाणाच्या वेळी क्रिस्टा मॅकॉलिफ तेरा वर्षांची होती. ती पुढं शिक्षिका झाली. सामान्य नागरिकांतून एका शिक्षकाला अंतराळात न्यायचं ठरलं, तेव्हा तिनं अर्जात आपल्या त्या बालपणाचा हवाला दिला. अकरा हजारांहून अधिक अर्जांतून तिची निवड झाली. २८ जानेवारी १९८६ ला 'चॅलेंजर' उड्डाणानंतर ७३ सेकंदांत कोसळलं, तेव्हा देशभरातल्या वर्गांत टीव्ही चालू होते आणि तिचे विद्यार्थी शाळेत तिला निरोप देत होते. एका पिढीच्या शाळेतला टीव्ही ग्लेन यांच्यासाठी, पुढच्या पिढीचा हा असा.

पोलादी पडद्याआडची मुलं

रशियातल्या मुलांना ही शर्यत कशी दिसली? तिथं अपयश छापून येत नसे. त्यामुळं मुलांच्या वाट्याला फक्त विजय आले. अग्निबाण कोण बनवतं, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. मुख्य रचनाकार सर्गेई करोल्योव्ह यांचं नाव १९६६ च्या जानेवारीत, त्यांच्या मृत्यूनंतर जगापुढं आलं. अमेरिकन मुलाच्या भिंतीवर फॉन ब्राउन होते. रशियन मुलाच्या भिंतीवर करोल्योव्ह असणं शक्यच नव्हतं.

पण काही आठवणी फार जवळच्या आहेत. ३ नोव्हेंबर १९५७ ला गेलेली लायका ही मॉस्कोच्या रस्त्यावरची भटकी कुत्री होती. उड्डाणाआधी डॉ. व्लादिमिर याझ्दोव्स्की तिला एक दिवस घरी घेऊन गेले, आपल्या मुलांबरोबर खेळायला. ती परत येणार नाही, हे त्यांना माहीत होतं. मुलांना माहीत असेल का? यान परतायची सोयच नव्हती. उष्णता वाढल्यानं ती काही तासांतच मेली, हे उघड व्हायला मात्र २००२ साल उजाडलं. तोपर्यंत ती मुलं पन्नाशीच्या आसपास पोचली असतील.

आणि १२ एप्रिल १९६१. एकशे आठ मिनिटांत पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून युरी गागारिन व्होल्गाकाठच्या सारातोव्ह भागात एका शेतात उतरले. नारिंगी पोशाख, डोक्यावर मोठं पांढरं शिरस्त्राण. शेतात बटाटे लावत होत्या एक आजी आणि त्यांची चिमुरडी नात. दोघी घाबरून मागं सरकल्या. वर्षभरापूर्वीच अमेरिकेचं हेरगिरीचं विमान पाडलं होतं, तेव्हा आकाशातून उतरलेला माणूस म्हणजे काय, ही शंका वावगी नव्हती. मी आपलाच आहे, असं गागारिन यांनी त्यांना समजावलं आणि मॉस्कोला कळवायला टेलिफोन कुठं मिळेल, याची चौकशी केली! अंतराळातून आलेल्या पहिल्या माणसाचं स्वागत असं एका लहान मुलीनं, आजीच्या मागं दडून केलं. स्वतः गागारिन यांचं बालपण याहून खडतर होतं. महायुद्धात जर्मनांनी त्यांच्या कुटुंबाचं घर बळकावलं आणि सगळ्यांना मागच्या अंगणात खणलेल्या मातीच्या खोपटात दिवस काढावे लागले.

नारळाच्या बनातून

१९६१ च्या अखेरीस गागारिन भारतात आले. दिल्लीला आले तसे मुंबईलाही आले आणि त्यांना बघायला लोटलेल्या गर्दीत बापाच्या खांद्यावर बसलेली पोरं कमी नव्हती. आठ वर्षांनी, ऑक्टोबर १९६९ मध्ये, आर्मस्ट्राँग, आल्ड्रिन आणि कॉलिन्स हे तिघेही मुंबईत येऊन गेले. आपल्या मुलांना या शर्यतीतला एकच पक्ष निवडायची सक्ती नव्हती, ही एक चैनच म्हणायची. रशियाची स्वस्त, गुळगुळीत कागदाची मराठी पुस्तकं एका हाती आणि अमेरिकन अपोलोची चित्रं दुसऱ्या हाती, असं इथलं मिश्र बालपण. मधल्या काळात, १९६७ मध्ये, आपले दारासिंगही 'चाँद पर चढाई' या चित्रपटात चंद्रावर जाऊन कुस्ती खेळून आले होते. तेव्हा आर्मस्ट्राँग दुसरे, असा दावा एखाद्या पोरानं केला असेल तर त्याला दोष देता येणार नाही.

घरातल्या आजीची मात्र थोडी अडचण झाली. चंद्रावर ससा असतो, हे सांगून तिनं दोन पिढ्या जेवू घातल्या होत्या. आता नातवंडं उलटतपासणी घेऊ लागली. संकष्टीचा चंद्रोदय बघून उपास सोडणं काही थांबलं नाही, ते बरंच झालं.

हैदराबादेत वाढलेला राकेश शर्मा गागारिन यांच्या उड्डाणाच्या वेळी बारा वर्षांचा होता. विमानांचं वेड लहानपणापासूनचं, पण अंतराळाचं स्वप्न पडायला देशाकडं अंतराळ कार्यक्रम तर हवा! १९६६ मध्ये तो पुण्याजवळच्या खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत दाखल झाला, तेव्हा त्याची झेप लढाऊ विमानापर्यंतच होती. ३ एप्रिल १९८४ ला तो सोव्हिएत यानातून गेला.

आपल्या देशात या काळाची सुरुवात कशी झाली, तेही मजेदार आहे. तिरुवनंतपुरमजवळ थुंबा नावाचं कोळ्यांचं गाव. पृथ्वीचं चुंबकीय विषुववृत्त तिथून जवळून जातं, म्हणून विक्रम साराभाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती जागा निवडली. गावातलं सेंट मेरी मॅग्डलेन चर्च गावकऱ्यांनी आणि बिशपांनी विज्ञानासाठी रिकामं करून दिलं. तिथं वर्कशॉप आलं, बिशपांच्या घरात ऑफिस. सुटे भाग सायकलवरून नेले जात. २१ नोव्हेंबर १९६३ च्या संध्याकाळी पहिला अग्निबाण उडाला. अग्निबाण अमेरिकेचा, आतलं सोडियमचं उपकरण फ्रान्सचं आणि पुढं तळावर कामाला हेलिकॉप्टर रशियाचं. जगभर एकमेकांच्या जिवावर उठलेले दोघे इथं नारळाच्या बनात शेजारी शेजारी! वर गेल्यावर सोडियमच्या वाफेचा नारिंगी ढग सूर्यास्तानंतरच्या आकाशात पसरला. केरळच्या त्या किनाऱ्यावर समुद्राकाठी खेळणाऱ्या मुलांनी तो पाहिला, तेव्हा ते काय आहे हे त्यांना समजावून सांगणारं जवळ फारसं कुणी नव्हतं.

हरियाणातल्या कर्नालला एक लहान मुलगी त्याच वर्षांत वाढत होती. चंद्रावर माणूस उतरला तेव्हा कल्पना चावला सात वर्षांची होती. गावात फ्लाइंग क्लब होता आणि तिथली छोटी विमानं घरावरून जायची. वडिलांकडं हट्ट करून ती एकदा त्यात बसून आली. पुढं चंदीगडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात तिनं विमानविद्या निवडली. हे मुलींचं क्षेत्र नव्हे, असं तिलाही सांगून झालं होतं.

कोलवूडचा सनी १९८१ मध्ये 'नासा'त नोकरीला लागला होता. तिथं त्याच्याकडं काम आलं ते अंतराळवीरांना तयार करण्याचं. ज्या मोहिमेतून मे जेमिसन गेल्या, त्या 'स्पेसलॅब-जे'च्या अंतराळवीरांच्या प्रशिक्षणातही हिकम होते. जपानी अंतराळवीरांशी त्यांचा परिचय झाला तो याच कामातून. १९ नोव्हेंबर १९९७ ला 'कोलंबिया' यान उडालं, तेव्हा त्यातल्या ताकाओ दोई यांच्या सामानात हिकम यांचं १९६० चं विज्ञान प्रदर्शनाचं पदक होतं आणि खाणीच्या वर्कशॉपमध्ये केलेल्या एका अग्निबाणाचा तुकडाही. त्याच यानात पहिल्यांदा अंतराळात निघालेल्या कल्पना चावलाही होत्या.